बाळाचा रकाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या दुखण्याचा इतिहास मी सांगणार आहे, त्याला आपल्याकडे सर्वमान्य असं घरगुती नाव नाही. गोवराला आहे, काविळीला आहे, धनुर्वाताला आहे. पण पहिलटकरणीच्या अंगावर सातव्या-आठव्या महिन्यात सूज चढते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि एखाद्या रात्री तिला अचानक झटके येऊ लागतात, त्याला काय म्हणायचं? कुणी मिरगी म्हणत, कुणी बाळंतवात, कुणी सरळ 'बाहेरचं' म्हणून लिंबू उतरवत. डॉक्टर त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विजेसारखी अकस्मात चमक असा आहे. झटके येण्यापूर्वीची, रक्तदाब वाढलेली अवस्था म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. नावावरून वाटतं, दुखणं आकाशातून पडतं. ते तसं पडत नाही, पडण्यापूर्वी बहुतेक वेळा खुणा दाखवतं. त्या खुणा ओळखायला माणसाला दोन-अडीचशे वर्षं लागली. आणि त्यातही आईकडे आधी लक्ष गेलं, बाळाकडे फार उशिरा.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. पदवी घेऊन मी विदर्भातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात रुजू झालो, ते १९७० चं दशक होतं. एका पावसाळी रात्री खाचरात गवत घालून एका मुलीला आणलं. वय असेल एकोणीस-वीस. पायांवर बोट दाबलं की खळगा पडायचा. वाटेत तिला दोनदा झटके आले होते, दारात तिसरा आला. माझ्या हाताशी जी औषधं होती ती देऊन तिला गुंगीत ठेवलं. पहाटे ती बाळंत झाली. मुलगी झाली, सव्वा किलोची. कापसात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून आम्ही तिला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती गेली. आई मात्र शुद्धीवर आली. तिची म्हातारी आई मला हात जोडून म्हणाली, "माही पोरगी वाचली बाप्पा, लय झालं. लेकराचं का हाय, अजून होईन."

नोंदवहीत मी लिहिलं : माता बरी, घरी पाठवली. बाळाच्या रकान्यात जन्मवेळीच 'जिवंत' असं लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं आणि ते तसंच राहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी आकडेवारीच्या एका बैठकीत बसलो असताना मला ती ओळ आठवली. सरकारच्या दप्तरी ती मुलगी मेलीच नव्हती. तेव्हापासून या दुखण्याचा इतिहास वाचताना मी एकच गोष्ट शोधत आलो आहे : बाळाचा रकाना कोण, केव्हा भरू लागलं?

इतिहास सुरू होतो तो आईच्या बिछान्यापासून. सतराव्या शतकात पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो या प्रसूतितज्ज्ञाने लिहून ठेवलं की पहिल्या खेपेच्या बाईला झटक्यांचा धोका अधिक. १८४३ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लिव्हर यांनी झटके येणाऱ्या बायकांची लघवी तापवून पाहिली आणि त्यात अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं प्रथिन, साकळताना त्यांना दिसलं. ही पहिली खूण. दुसऱ्या खुणेसाठी आणखी अर्धशतक थांबावं लागलं, कारण रक्तदाब मोजायचं सोपं साधनच नव्हतं. १८९६ साली इटलीतल्या तुरीन शहरी रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायची रबरी पिशवी आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पिशवीखाली धमनीवर नळी लावून ठोके ऐकण्याची रीत सांगितली. आज उपकेंद्रात नर्सबाई दंडाला पट्टा बांधतात, तेव्हा या दोघांची विद्या वापरत असतात. ही जोडणी आल्यावर कळलं की झटक्यांआधी रक्तदाब चढतो. म्हणजे ही वीज पडण्यापूर्वी ढग दिसतात. वर पाहणारा कुणी हवा.

हा दाब का चढतो? मूळ वारेत आहे. गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयाच्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्या सैल आणि रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही गरोदरपणात हे काम अर्धवट राहतं. पाट बुजलेला असला की वाफ्याला पाणी कमी पडतं, तसं. उपाशी वारेतून आईच्या रक्तात असे पदार्थ सुटतात की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. मग दाब वाढतो, मूत्रपिंडं प्रथिनं गाळू लागतात, यकृत आणि मेंदू यांच्यावर ताण येतो. म्हणजे आई आजारी दिसायच्या आधीपासून बाळ कमी रक्तावर दिवस काढत असतं. त्याची वाढ खुंटते. कधी वार वेळेआधी सुटते आणि बाळ पोटातच जातं.

म्हणून वार बाहेर पडणं, म्हणजेच प्रसूती, हाच या दुखण्यावरचा खरा उपाय. दाब उतरवणारी गोळी, झटके थांबवणारं इंजेक्शन ही सारी वेळ मिळवण्याची साधनं. बत्तिसाव्या आठवड्यात आईसाठी प्रसूती करावी, तर बाळाची फुफ्फुसं कच्ची. बाळासाठी थांबावं, तर आईला झटके, मेंदूत रक्तस्राव, आणि थांबलेल्या पोटात बाळही सुरक्षित नाही. आई की बाळ, असा प्रश्न सिनेमातला डॉक्टर एका वाक्यात विचारतो. प्रसूतिगृहात तो तासातासाने विचारावा लागतो, आणि उत्तर दर वेळी निराळं असू शकतं.

बाळ गेल्याचं दुःख इतिहास घडवतं, याचं एक उदाहरण मराठी माणसाला नवं नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं. त्या मृत्यूचं कारण वेगळं असेल, पण बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर हवी ही जाणीव त्यांच्यात तिथून पक्की झाली. १८८६ साली त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानातल्या बायकांना वैद्यकीय मदत पोहोचवण्यासाठी निधी उभारला होता आणि त्यातून गावोगावी जनानी दवाखाने निघाले. पण घरातली बाळंतीण दवाखान्याची पायरी चढायला पुढे कित्येक दशकं गेली. गर्भारपणात निरोगी बाईने तपासायला का जायचं, हे तर कुणाला पटतच नसे.

झटक्यांवरच्या औषधाची कथाही वळणावळणाची आहे. पोट साफ करायला देत ते कडू मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जर्मनीत १९०६ साली या झटक्यांवर वापरून पाहिलं गेलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत ते शिरेतून आणि स्नायूतून देऊ लागले. १९५५ साली टेक्सासच्या प्रिचर्ड यांनी त्याची ठरावीक मात्रा बसवली. आपल्याकडे मात्र मद्रासचे प्रसूतितज्ज्ञ कृष्ण मेनन यांचं तीन औषधांचं मिश्रण १९६० च्या दशकापासून रूढ झालं. इंग्लंडमध्ये डायझेपाम चाले. जो तो आपल्या गुरूचं औषध देई. मीही तेच केलं. कुठलं श्रेष्ठ, याचा निवाडा झाला तो १९९५ साली. भारतासह नऊ देशांतल्या १,६८७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियममुळे पुन्हा झटके येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत निम्म्याहून कमी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत एक तृतीयांश झाला. स्वस्त, जुनं, कडू मीठ जिंकलं. २००२ साली 'मॅगपाय' नावाच्या चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांपैकी निम्म्यांना झटके येण्यापूर्वीच ते दिलं गेलं आणि झटक्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

पण त्याच चाचणीतला बाळांचा रकाना पाहिला तर काय दिसतं? मॅग्नेशियम मिळालेल्या आणि न मिळालेल्या आयांची बाळं दगावण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच. आईची वीज टळली, बाळाची उपासमार टळली नाही. ही त्या औषधाची निंदा नव्हे. पण बाळासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल, हे त्या आकड्यांनी स्पष्ट केलं.

ते 'वेगळं काहीतरी' न्यूझीलंडमधून आलं होतं. ऑकलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं कोकरू अपेक्षेपेक्षा जास्त वेळ जगलं, आणि तपासल्यावर त्याची फुफ्फुसं अंशतः फुललेली आढळली. त्यावरून लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवलं की वेळेआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुफ्फुसं लवकर पिकतात आणि बाळं वाचतात. माझी ती सव्वा किलोची मुलगी गेली त्या दशकात हे ज्ञान छापून आलेलं होतं. आमच्यापर्यंत ते पोहोचायचं होतं.

आता नागपूरकडे येतो. नागपूरकरांच्या तोंडी दवाखान्यांची नावं सुटसुटीत आहेत : मेडिकल, मेयो, डागा. मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा म्हणजे गांधीबागेतलं सरकारी स्त्री रुग्णालय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच नव्हे, तर सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटहूनही बायका इथे येतात. अनेकदा दोन-तीन ठिकाणांहून 'पुढे न्या' असं ऐकून. त्यामुळे चढलेल्या दाबाच्या गर्भवती इथे रोजच्याच. ही आपत्ती ज्ञानाच्या कामी आली, ती गेल्या काही वर्षांत.

२०१३ ते २०१५ या काळात मेडिकल आणि डागा इथे ६०२ स्त्रियांवर एक चाचणी झाली. दाब वाढल्यामुळे ज्यांची प्रसूती लवकर करणं भाग होतं, त्यांच्या कळा सुरू कशा करायच्या, हा प्रश्न होता. गर्भाशयाच्या तोंडाशी फुगा असलेली रबरी नळी ठेवायची, की मिसोप्रोस्टॉलच्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्या तोंडाने द्यायच्या? गोळ्या घेणाऱ्या ५७ टक्के स्त्रिया चोवीस तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, नळीच्या गटात ४७ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. नागपूरच्या डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम लिव्हरपूल विद्यापीठाच्या साथीने झालं होतं.

लगोलग, एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ मध्ये, याच दोन रुग्णालयांत दुसरा प्रश्न हाती घेतला गेला. दाब १६०/११० च्या घरात गेला की पुस्तकं सांगतात, शिरेतून औषध द्या आणि मिनिटामिनिटाला लक्ष ठेवा. पण जिथे एका खोलीत एक नर्स आणि डझनभर बायका, तिथे? तिथे नुसत्या गोळ्यांनी काम भागेल का? ८९४ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागून निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा यांपैकी एकेक गोळी दिली. सहा तासांत, काही अपाय न होता, दाब ताब्यात आला तो अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के स्त्रियांमध्ये. तिन्ही गोळ्या स्वस्त, जुन्या, तोंडाने घ्यायच्या. २०१९ साली हे छापून आलं आणि लहान दवाखान्यांना आधार मिळाला : सलाइन लावायला माणूस नसला तरी हात बांधून बसायचं कारण नाही.

मी मात्र सवयीने बाळांचा रकाना पाहिला. इथे तो भरलेला होता. तिन्ही गटांत मिळून सहा बाळं मृत जन्मली. निफेडिपिनने दाब सर्वांत चांगला उतरवला, पण त्या गटातली बाळं नवजात अतिदक्षता विभागात जास्त दाखल झाली. बहुतांशी कमी वजनामुळे. दाब उतरवणाऱ्या गोळीने सहा तासांत बाळाचं वजन घटत नाही, ते आधीच्या महिन्यांत घटलेलं असतं. म्हणून घाईने गोळीला दोषी ठरवता येत नाही. आणि डोळेझाकही करता येत नाही, कारण दाब एकदम खाली गेला तर वारेकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं, हेही खरं. आईचा आकडा सुधारला तेव्हा शेजारच्या रकान्यात काय झालं, हे विचारण्याची शिस्त आता आली आहे. माझ्या लेखी त्या चाचणीची ही कमाई गोळीपेक्षा लहान नाही.

या शिस्तीची किंमत दाखवणारी आणखी एक हकिकत सांगतो. स्टेरॉइडची इंजेक्शनं इतकी गुणकारी, तर ती खेड्यापाड्यांत सरसकट का देऊ नयेत? सहा देशांत हा प्रयोग झाला, त्यात नागपूर आणि बेळगाव ही दोन भारतीय केंद्रं होती. २०१५ साली निकाल आला आणि सगळे चपापले. एकूण बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण घटण्याऐवजी किंचित वाढलं होतं. दिवस नीट मोजलेले नव्हते, त्यामुळे गरज नसलेल्यांनाही इंजेक्शन गेलं, आणि जन्मलेल्या बाळाला सांभाळायची पुरेशी सोय नव्हती. पुढे २०२० साली, चांगली देखभाल होऊ शकेल अशा रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस पक्के करून पुन्हा चाचणी झाली; बेळगाव त्यातही होतं. तेव्हा बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. इंजेक्शन तेच, भोवतालची व्यवस्था वेगळी.

व्यवस्था म्हणजे दर वेळी मोठी इमारतच हवी असं नाही, हे आपल्याच विदर्भाने जगाला शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवलं : बाळ तोला, ऊब द्या, श्वास घेत नसेल तर असं करा, जंतुसंसर्ग ओळखा आणि इंजेक्शन द्या. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आणि हे मोजता आलं, कारण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू त्यांनी गावात जाऊन लिहून काढला. माझ्या नोंदवहीत जी मुलगी 'जिवंत' राहिली, ती गडचिरोलीच्या वहीत मेलेली लिहिली गेली असती, आणि म्हणूनच तिच्यासारखी पुढची कुणी कदाचित वाचली असती.

सर्वांत अलीकडची गोष्ट आहे ती साध्या ॲस्पिरिनची. उपाशी वारेला सुरुवातीपासूनच थोडी मदत करता आली तर? सहा देशांतल्या जवळजवळ बारा हजार पहिलटकरणींपैकी निम्म्यांना तिसरा महिना सरताना किंवा त्याआधीपासून रोज एक लहान गोळी देऊन पाहिली गेली. यातही नागपूर आणि बेळगाव होतं. नागपूरचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे होतं. २०२० साली निकाल आला. वाढलेल्या दाबाचं एकूण प्रमाण बदललं नाही, पण वेळेआधीच्या प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या. पोटात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळं दर हजारी ५३.६ वरून ४५.७ झाली. हजारात आठ. आकडा छोटा वाटेल. ज्या घरातली ती आठ बाळं, त्यांना विचारा. मात्र ही गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टरने ठरवायचं. शेजारणीने घेतली म्हणून आपण घ्यायची नव्हे.

ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी लेक किंवा सून दिवसांत असेल, तर चार गोष्टी सांगून थांबतो. नाव लवकर नोंदवा. दिवस पक्के मोजलेले असले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. प्रत्येक तपासणीला दाब आणि लघवी पाहिली का, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी ठेवलेली असते, तिचा उपयोग करा. चेहऱ्यावर-हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. आणि बाळंत झाल्यावरही निर्धास्त होऊ नका. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात.

ती रात्रीची मुलगी, म्हणजे आई, पुढे आणखी एकदा आमच्याकडे आली. या खेपेला पाचव्या महिन्यापासून तिचा दाब आम्ही पंधरा दिवसांनी पाहत होतो. नववा लागल्यावर जरासा चढला, तेव्हा तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. मुलगा झाला, सव्वादोन किलोचा. म्हातारी बरोबर होतीच. निघताना ती मला म्हणाली, "पहिली असती तं आता शाळेत गेली असती." मी समजत होतो, ती विसरली असेल. विसरलो होतो आम्ही, आमच्या वहीसकट.